खिरीतला बदाम

हॉलच्या छताला पांढऱ्या रंगाच्या लाकडी फळ्या होत्या आणि त्यांतल्या एका फळीवर ओरखडा होता. बोटभर लांबीचा, मधोमध खोल, दोन्ही टोकांना विरत गेलेला. नाताळचं झाड उभं करताना आणि काढताना त्याच्या शेंड्यावरचा पत्र्याचा तारा कित्येक वर्षं तिथं घासला होता. आर्लिस स्कोव झाडाखाली आडवी पडून बुंध्याचा स्क्रू पिळत होती, तेव्हा फांद्यांमधून तिला तो दिसला. तारा आणि ओरखडा यांच्यामध्ये आता एक माणूस आरामात उभा राहिला असता.

"सरळ आहे का?" तिनं खालून विचारलं.

"सरळ आहे," डुएन ब्रो म्हणाला. "पुढच्या वर्षी टेबलावर ठेवू. त्याच्या पुढच्या वर्षी कुंडीत."

"मोठी सगळी वाळलेली होती. हात लावला की सुया गळत होत्या."

हे खोटं होतं. झाडांच्या शेतावर उंच, दाट, ओली झाडं ओळीनं उभी होती. आर्लिसनं एकेका झाडाभोवती हात पसरून पाहिले होते. नाताळच्या मेळाव्यात सगळ्यांनी हातात हात धरून झाडाभोवती गात फिरायचं असतं, आणि फेर पुरा जुळावा लागतो. माणसं कमी झाली तर घेर कमी करायचा. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढं गणित सुचायला वेळ लागला नव्हता. गेली काही वर्षं ती दरवर्षी थोडं लहान झाड आणत होती आणि दरवर्षी काहीतरी कारण सांगत होती.

डुएन तळघरातून आला होता, त्याच्या बाहीला काजळी होती. हॉलची चावी, नळ, हॉल उबदार ठेवणारा बॉयलर हे सगळं त्याच्याकडे. धान्याच्या कोठारावरची नोकरी संपल्यापासून त्याला एवढंच काम उरलं होतं.

"बॉयलरवाला पुन्हा विचारत होता," तो म्हणाला. "जुना हा हिवाळा काढेल, पुढचा नाही म्हणतो. नवा बसवायचा तर आत्ताच सांगा."

"नाताळ होऊन जाऊ दे."

"ऑक्टोबरात म्हणालीस, थँक्सगिव्हिंग होऊन जाऊ दे."

आर्लिस उठून बसली आणि स्वेटरवरच्या सुया एकेक करून वेचू लागली. नवा बॉयलर कुणी एक-दोन हिवाळ्यांसाठी बसवत नाही. प्रश्न बॉयलरचा नव्हता, हे डुएनला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. कागदी विणीच्या लाल-पांढऱ्या हृदयांचा खोका त्यानं तिच्याकडे सरकवला आणि स्वतः चिमुकल्या झेंड्यांची माळ सोडवायला घेतली.

हा हॉल देश सोडून लिंडबीत येऊन वसलेल्या डॅनिश शेतकऱ्यांनी बांधला होता. पायाचे दगड तिच्या नवऱ्याच्या, व्हर्नरच्या, आजोबांनी गाडीतून वाहून आणले होते. भिंतीवर उन्हाळी सहलीचा जुना फोटो होता. त्यात माणसं इतकी होती की कडेच्यांचे अर्धे चेहरे चौकटीबाहेर गेले होते. व्हर्नर आजारी पडला तेव्हा हॉल चालवणाऱ्या मंडळाचं अध्यक्षपद त्यानं तिच्याकडे दिलं, तात्पुरतं म्हणून. तो गेला, आणि ते तिच्याकडे राहिलं. ती स्वतः जन्मानं चेक. तिचं माहेर गाडीनं तासाभरावर, आणि तिथं चेक लोकांचा हॉल केव्हाच पाडून गाड्या लावायला जागा केली होती.

तिनं काय केलं नव्हतं? अंधारात गाडी चालवायला लोक घाबरतात म्हणून बैठका दुपारी घेतल्या. खळग्याखळग्यांचे बिडाचे तवे परसात घासूनपुसून काढले आणि गावाला एबलस्किवरची न्याहारी दिली. गाव आलं, सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर ते गरम गोळे खाल्ले, छान झालंय म्हणालं आणि गेलं. पूर्वज शोधायचा कार्यक्रम ठेवला, त्याला लोक पूर्वज घेऊन आले आणि पुन्हा घेऊन गेले. फेसबुकवर पान काढलं. तिथं ओमाहातली, डेन्व्हरमधली नातवंडं जुन्या फोटोंखाली बदामाच्या आकाराची चिन्हं टाकत. महिन्याच्या बैठकीआधी ती प्रत्येकाला फोन करी, आणि प्रत्येकजण थोडा वेळ हवेबद्दल बोलून झाल्यावर विचारी, "टांटे येणार आहेत का? त्या येणार असतील तर येतो."

टांटे म्हणजे एल्ना बाक. त्र्याण्णव वर्षांची. सख्खी मावशी किंवा आत्या ती आता कुणाचीच उरली नव्हती, पण सगळं गाव तिला टांटे म्हणे. घरात डॅनिश बोलत वाढलेली अशी ती एकटीच राहिली होती. आर्लिस लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात एल्नानं तिला स्वयंपाकघरात बसवून नाताळची गाणी शिकवली होती. शब्द एकेक करून, तोंडाचा आकार दाखवत. अर्थ नंतर सांगते, म्हणाली होती. मग मुलं झाली, शाळा होती, आणि ते राहून गेलं.

दुपारी आर्लिस एल्नाला वृद्धाश्रमातून घेऊन आली. डुएननं चाकाची खुर्ची दारातून आत ढकलली. एल्नानं आधी झाडाकडे पाहिलं, मग छताकडे.

"छान आहे," ती म्हणाली. "मानही वर करायला नको."

बाकीचेही आले. हार्लन फ्रॉस्ट आणि त्याची बायको लव्होन, वॉकर टेकत मर्ना थाइसन, आणि शेजारच्या गावातले दोघे म्हातारे भाऊ, जे कधी फारसं बोलत नसत. आणखी दोन घरांचे फोन आले होते, बर्फ पडेलसं वाटतंय म्हणून. हार्लननं कोट काढता काढता हॉलभर नजर फिरवली.

"गर्दीत हरवू नकोस हं, लव्होन," तो म्हणाला.

"तू हरवलास तर मी शोधणार नाही," लव्होन म्हणाली.

राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासे झाले, कॉफी झाली. दवाखान्यांबद्दल बोलणं झालं. कुणाच्या गुडघ्यात आता काय घातलंय, कुणाचं शेत कुणी घेतलं. एल्ना रंगात होती. हार्लनच्या आजोबांनी याच हॉलमध्ये नाचताना एकदा पँट फाडून घेतली होती, ती गोष्ट तिनं पुन्हा सांगितली, आणि सगळे पुन्हा हसले, हार्लन सगळ्यांत आधी. आर्लिसला वाटलं, आता खीर आणावी.

ती भाताची, थंड होती, मोठ्या काचेच्या भांड्यात, वर चेरीचा गरम पाक. खिरीत सोललेला एकच अख्खा बदाम असतो. ज्याच्या वाट्याला तो येतो त्यानं तो गालात लपवून ठेवायचा आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, म्हणजे बाकीचे शोधत राहतात, खात राहतात. शेवटी त्यानं बदाम दाखवायचा, की त्याला बदामाच्या मिठाईचं गुलाबी डुक्कर मिळतं. डुक्कर मधोमध बशीत उभं होतं. बदाम आर्लिसनं सकाळी स्वतः घातला होता.

पहिल्या वाट्या संपल्या. सगळ्यांनी एकमेकांच्या गालांकडे पाहिलं. दुसऱ्यांदा वाढली. लव्होनला साखरेचा त्रास होता. तिनं अर्धी वाटी घेतली आणि मुकाट्यानं संपवली. मर्ना एकेक शीत तपासल्यासारखी खात होती. दोघे भाऊ खाली बघून खात होते. चमच्यांचे आवाज तेवढे येत होते.

"आर्लिस," हार्लन म्हणाला, "घातलास ना नक्की? विसरली असशील तर सांग. आम्ही कुणाला सांगणार नाही. सांगायला कुणी आहेच कुठं?"

"घातलाय."

"मग कुणीतरी गिळला."

"तूच असशील," लव्होन म्हणाली. "तू चावतोस कुठं?"

एल्ना नुसती हसली. लव्होननं खिडकीकडे पाहिलं. बाहेर बारीक बर्फ सुरू झालं होतं. आर्लिसनं ते पाहणं पाहिलं, आणि घाईनं म्हणाली की आधी झाडाभोवतीचं होऊन जाऊ दे, खीर आहेच, बदाम सापडेल मग.

सगळे उठले. आर्लिसनं एका बाजूला हार्लनचा हात धरला, दुसऱ्या बाजूला थोरल्या भावाचा. लव्होन हार्लनच्या पलीकडे, धाकटा भाऊ थोरल्याच्या. मर्नाचे दोन्ही हात वॉकरवर होते. ती त्यांच्यामागून निघाली. एल्नाची खुर्ची डुएन ढकलत होता, म्हणजे त्याचेही हात गुंतलेले. फेराला मोठी फट पडली. झाड आणखी निम्मं असतं तरी ती पडलीच असती. आर्लिसनं घेर मोजला होता, मोकळे हात मोजले नव्हते.

त्यांनी गायला सुरुवात केली. पहिलं कडवं सगळ्यांना येत होतं. आर्लिस शिकवलेल्या आकारात ओठ हलवत होती. दुसऱ्या कडव्याला नेहमीप्रमाणे सगळ्यांनी एल्नाकडे पाहिलं. दुसरं कडवं तिचं असे. ती पुढं होई आणि बाकीचे तिच्या आवाजाला धरून जात.

एल्नाचे ओठ मिटलेले होते. खुर्चीच्या हातावर ती बोटानं ठेका धरत होती, पण गात नव्हती. हार्लननं एक शब्द म्हटला, पुढचा चुकला. लव्होन गुणगुणली. मग तेही थांबलं आणि नुसते पाय फरशीवर फिरत राहिले, वॉकरची टकटक आणि खुर्चीच्या चाकाची कुरकुर. अर्धा फेरा गेल्यावर हार्लननं हळूच आर्लिसचा हात सोडला आणि तोंडावर मूठ धरून खोकला.

"बर्फ वाढतंय," लव्होन म्हणाली. "आपण निघालेलं बरं."

कुणी एल्नाकडे पाहिलं नाही. एकेकजण आर्लिसच्या दंडाला हात लावून गेला, प्रेतयात्रेनंतर लावतात तसा. मर्ना म्हणाली, खीर फार छान झाली होती. मग सगळे कोटांच्या खोलीकडे गेले.

आर्लिस झाडाजवळच उभी राहिली. कधीतरी हे होणार, हे तिनं धरलं होतं. पण तिला वाटलं होतं, टांटे आधी चेहरे विसरतील, नावं जातील, गाणी सर्वांत शेवटी. तिनं खुर्चीपुढं गुडघे टेकले आणि एल्नाच्या मांडीवरची शाल नीट केली.

"थकलात का, टांटे?"

एल्नानं दाराकडे पाहिलं. मग तोंडात दोन बोटं घालून काहीतरी काढलं आणि आर्लिसचा तळहात उघडून त्यावर ठेवलं. बदाम होता. ओला, कोमट, अख्खा.

"पहिल्याच घासाला आला," ती म्हणाली. "नेहमी बघते मी. डुक्कर दिलं, टाळ्या झाल्या, की लोक कोट शोधायला लागतात. म्हटलं, ठेवावा गालात. तेवढीच बसतील सगळी जरा तुझ्यापाशी."

आर्लिस बदामाकडे बघत राहिली.

"म्हणून गायला नाहीत."

"तोंड उघडलं असतं तर पडला असता. म्हटलं, एवढं एक कडवं म्हणतील की आपापलं." एल्ना तिच्याकडे वळली. "नाही येत का गं कुणालाच?"

आर्लिसनं नकारार्थी मान हलवली. कोटांच्या खोलीतून हार्लनचा आवाज येत होता. किल्ल्या सापडत नव्हत्या.

"बर्फात नका येऊ, असं मी सकाळी म्हणणारच होते," आर्लिस म्हणाली. "पण तुम्ही येणार नाही कळलं असतं, तर कुणीच आलं नसतं. सगळे तुमच्यासाठी येतात, टांटे."

"माझ्यासाठी?" एल्नाला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मी तर तुझ्यासाठी येते. व्हर्नर गेला तेव्हा म्हटलं, या पोरीकडे आता दुसरं काय आहे. खुर्चीत घालतात, गाडीत चढवतात, पुन्हा उतरवतात. रात्रभर पाठ ठणकते माझी. पण तू इतकं करतेस. झाडसुद्धा लहान लहान करत आणलंस, ते काय मला दिसत नाही? म्हटलं, हिला वाटतंय कळत नाही, तर न कळू दे."

ती हसली, पण हसू लवकर ओसरलं.

"सगळेच भले निघालो की, दुसऱ्यासाठी म्हणून येत राहणारे," ती म्हणाली.

आर्लिसनं टेबलावरून गुलाबी डुक्कर उचललं आणि एल्नाच्या मांडीवर, शालीच्या घडीत उभं केलं. ते तिचंच होतं. एल्नानं त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि मग खाली बघतच दुसरं कडवं म्हणायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण एकही शब्द अडला नाही. आर्लिसला प्रत्येक शब्द ओळखू येत होता आणि एकाचाही अर्थ माहीत नव्हता. विचारावा असं तिच्या मनात आलं. ती कडवं संपेपर्यंत थांबली, आणि मग विचारलं नाही.

बदाम मुठीत धरून ती कोटांच्या खोलीच्या दाराशी गेली. हार्लनला किल्ल्या सापडल्या होत्या. लव्होन मर्नाच्या कोटाची चेन वर ओढत होती. डुएन तळघराच्या जिन्याकडे निघाला होता, बॉयलर कमी करायला. दोघे भाऊ टोप्या हातात धरून उभे होते, कुणी आधी बाहेर पडायचं ते ठरत नसल्यासारखे.

"डुएन," आर्लिस म्हणाली, आणि तिचा वर्गातला आवाज ऐकून सगळेच वळले. "बॉयलरवाल्याला उद्या फोन कर. नवा नको म्हणावं. हा हिवाळा संपला की आपण हॉल बंद करतोय."