मयतीमागची बस

“गाडी गरम झाली होती. बस्स, येवढंच म्हण. म्होरचं मी बघतो,” मी उद्धवला पुन्हा बजावलं.

कामगार अधिकाऱ्यांच्या दाराबाहेर बाकावर आम्ही बसलो होतो. उद्धव समोरच्या भिंतीकडं बघत होता. हा माणूस असाच. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, समोरच्याचं बीपी तेवढं वाढवतो. त्यात मी युनियनचा सेक्रेटरी, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खायचा मान माझाच.

“आरं, आयकायलास का?”

“आयकायलोय की, नागेशभाऊ.”

“मग बोल की कायतरी!”

“आत गेल्यावर बोलतो.”

झालं होतं असं. ताडकळसहून परभणीला येताना उद्धवच्या बसपुढं एक मयत आली. आमच्याकडं ड्रायव्हर अशा वेळी गाडी थांबवतो, हात जोडतो, अन् वाट मिळाली की निघतो. मयतीवाल्यांनी बाजूला सरून ‘जा’ म्हणून हातही केला. पण हा पठ्ठ्या गेला नाही. पार स्मशानाच्या फाट्यापर्यंत भरली बस घेऊन मयतीच्या मागं रांगत राहिला.

नेमकी त्याच आठवड्यात आम्ही बस कंपनीला ‘मागण्या मान्य करा, नायतर गाड्या सावकाश चालवू’ अशी नोटीस दिलेली. मॅनेजरनं संगणकावर बसचा वेग पाहिला अन् बोंब ठोकली, युनियननं काम बिघडवायला सुरुवात केली! चौकशी नाही, विचारपूस नाही, उद्धव थेट बडतर्फ. उभ्या नोकरीत ज्याच्या गाडीखाली कोंबडं आलं नाही, त्याच्या नशिबी हे! माझं डोकंच फिरलं. तिकडं सुमंगलावहिनी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायला लागल्या. पोरगी अबोली नर्सिंगला, तिचं शिक्षण अर्ध्यावर. नोकरी परत मिळायलाच हवी होती, अन् त्यासाठी इंजिन गरम व्हायला हवं होतं. मेकॅनिक परमेश्वर तशी साक्ष द्यायला तयार होता.

आत बोलावलं. अधिकारी मॅडमनी सरळच विचारलं, “गाडी एवढी हळू का चालवली?”

मी टेबलाखालून उद्धवचा पाय दाबला.

“मयतीच्या मागं होतो, मॅडम.”

झालं कल्याण!

मॅनेजर लगेच पुढं सरसावला. “पुढे जायला जागा होती ना?”

“होती.”

“मग?”

“पाचच जन होते, साहेब. चौघं खांद्याला अन् एक म्होरं मडकं धरून. मागं कुनीच न्हाई. मान्साच्या मागं चार पावलं चालायला कुनी नसावं, ह्ये काय बरं हाय का? माझ्या गाडीत मान्सं होती. म्हनलं, तेवढी तरी मागं होतील.”

“तुझ्या नात्यातले होते?”

“न्हाई. नावबी ठावं न्हाई.”

मला हे त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. मॅनेजरही वाईट माणूस नव्हता, त्याचा आवाज उतरला.

“बरं, युनियनचा हात नव्हता, हे मी मानतो. चूक झाली, पुन्हा असं करणार नाही, एवढं लिहून दे. उद्यापासून गाडीवर ये.”

मॅडमनी कोरा कागद पुढं केला. मी मनात म्हटलं, न्हालं बाबा घोडं गंगेत!

उद्धवनं कागद हळूच मागं सारला. “लोकांचा खोळंबा झाला, त्याची माफी मागतो. पन पुन्हा करनार न्हाई, असं कसं लिहू? उद्या तशीच मयत म्होरं आली तर?”

“तर काय करशील?”

“तर मागंच चालन, साहेब.”

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. “नागेशराव, समजवा याला!”

सकाळपासून समजावून माझा घसा बसला होता. कोर्टात गेलं की वर्षानुवर्षं जातात, हे मला ठाऊक होतं अन् उद्धवलाही. तरी तो ताठ बसला होता. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. असला माणूस आपल्या युनियनचा!

“समजवायचं काय त्यात? बरोबर बोलायलाय तो,” मी म्हणालो. “जाऊ द्या केस कोर्टात.”

स्टँडवर आमच्याच कंपनीची झरीला जाणारी बस लागली होती. उद्धवचं गाव झरीच. त्याला घरापर्यंत सोडावं म्हणून मीही चढलो. त्याच्या जागेवर आलेला हरिओम त्याला बघून स्टिअरिंगवरून उठून उभा राहिला. उद्धवनं त्याला खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

कंडक्टर पैसे घेईना. “भाऊ, तुमाला कशाचं तिकीट?”

“नोकरीचा पास जमा केलाय न्हवं? फाड तिकीट.”

तिकीट घेऊन तो पहिल्या सीटवर बसला. बस परभणीबाहेर पडली, वेग धरला. पुढं गतिरोधक दिसला. हरिओमनं ब्रेक दाबायच्या आधीच उद्धवचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला गेला. त्यानं एकदा पायाकडं पाहिलं, अन् तो हळूच सीटखाली ओढून घेतला.