एका पेटीत एक हात

"दार तर कायम बंदच राहणार ना? मग आत एवढी सजावट कोणासाठी चाललीय?" घरमालकीण बाईंनी जिन्याखालच्या कपाटात डोकावून विचारलं.

शिंपीकाकांनी दोऱ्याचं टोक दातांत धरलं होतं. त्यांनी गाठ आवळली, टोक कातरलं आणि मगच तोंड उघडलं.

"पुढच्यासाठी."

"पुढचा कोण?"

"कोण जाणे! दहा वर्षांनी कोणीतरी हे दार उघडणार. त्यानं मला शिव्या घालू नयेत म्हणजे मिळवली."

काका काही शिंपी नव्हते. घरांना कॅमेरे, आपोआप लागणारे दिवे, बोट टेकवून उघडणारी कुलपं बसवायची आणि त्या सगळ्यांच्या वायरी भिंतींतून आणून एका पेटीत जोडायच्या, हा त्यांचा व्यवसाय. बाकीचे लोक वायरींचे जुडगे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळत. काका मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधत, म्हणून धंद्यात हे नाव पडलं ते पडलंच. पट्टी वायरीला चावते, दोरा तिचा नुसता हात धरतो, असं त्यांचं म्हणणं. गाठींची शेपटं सगळी उजवीकडे वळलेली, शाळेतल्या रांगेसारखी. प्रत्येक वायर टोकाशी वीतभर जास्त सोडलेली, पुढच्याला लागली तर असावी म्हणून. आणि एका पेटीत एकच हात. दोघांनी बांधलेली पेटी त्यांना दोन अक्षरांत लिहिलेल्या पत्रासारखी वाटे.

सून पलीकडे फरशीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. काकांच्या मुलाला वायरींचं वावडं, तो बँकेत चिकटला. सुनेनं मात्र लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात "बाबा, मी येऊ का कामावर?" असं विचारलं होतं. त्याला चार वर्षं झाली. वायरी काकांच्या, आणि कॅमेऱ्यातलं चित्र मालकांच्या फोनवर आणणं तिचं.

"बाबा, तुम्ही चहा घेऊन या," ती म्हणाली. "तोवर मी सगळं चालू करून बघते."

हे तिचं नेहमीचं वाक्य. काका चहा घेऊन येईपर्यंत सगळे कॅमेरे लागलेले असत.

"आणि एखादा नाहीच लागला तर?" बाईंनी स्वयंपाकघरात कप पुढे करत विचारलं.

"एकतीस वर्षं झाली, बाई. जोडलेलं एक टोक परत उघडायला लागलेलं नाही."

"कमाल आहे! मग मी पेटीचा फोटोच काढते. माझ्या भावाच्या इमारतीचं काम निघालंय, त्याला पाठवते."

"खुशाल काढा."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला, गप्पा तिथंच तुटल्या आणि काका नेहमीपेक्षा लवकर परतले. सून पकड घाईघाईनं पिशवीत टाकत होती.

"अकराच्या अकरा लागले," ती म्हणाली.

दार लावण्याआधी गाठींवरून एकदा बोट फिरवायची काकांची सवय होती. बघायचं नाही, नुसतं बोट. वरून तीन गाठी सरळ गेल्या. चौथीवर बोट अडलं. शेपूट डावीकडे होतं. पुढे आणखी दोन तशाच.

काकांच्या घरात डावखुरी एकटी सूनच होती.

"या गाठी कोणाच्या?"

"कुठल्या?"

"मला काय आंधळा समजतेस?" काका म्हणाले.

सून त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली. तेव्हा कुठं काकांना आपलाच प्रश्न ऐकू आला.

"तीन कॅमेरे लागत नव्हते, बाबा," ती शेवटी म्हणाली. "आत दोन बारीक तारांची जागा बदलली होती. निळ्या पट्ट्याची आणि हिरव्या पट्ट्याची. टोकं कापून परत जोडली. तुम्ही वीतभर सोडलेली असते, ती पुरली. पण वायर ओढून घ्यायला गाठी सोडाव्या लागल्या."

काकांनी फरशीवरचा वायरीचा तुकडा उचलला, सोलला आणि खिडकीपाशी उन्हात धरला. दोन्ही पट्टे त्यांना सारखेच मळकट दिसले.

"ही कुठली?"

"हिरवी."

"आणि ही?"

"निळी."

त्यांनी तुकडा खिडकीत ठेवला. "कधीपासून?"

"त्या दातांच्या दवाखान्याच्या कामापासून."

"म्हणजे वर्ष झालं की! सहा पेट्या!"

"ही सातवी."

"मग त्या सहांत माझं बोट कसं अडलं नाही?"

"त्या मी उजव्या हातानं बांधल्या. घरी शिकले, पडद्याच्या दोरीवर. आज तुमचा चहा लवकर उरकला. घाईत उजवा हात चालेना."

पडद्याची दोरी महिनाभर गाठीगाठींची झालेली काकांनी पाहिली होती. सूनबाईंना हा कसला चाळा लागलाय, म्हणून बायकोपाशी कुरकुरही केली होती.

"मला सांगायचं नाही?"

"कसं सांगणार? एकतीस वर्षांचं आत्ता बाईंना सांगत होतात, ते इथपर्यंत ऐकू येत होतं." मग तिचाही आवाज चढला. "मोतीबिंदू काढून घ्या म्हणून आई वर्षभर कानीकपाळी ओरडताहेत. त्यांचं ऐकत नाही, माझं काय ऐकणार होतात?"

"काढू का फोटो?" बाई फोन सरसावत आल्या.

पेटी देखणी दिसत होती. फोटोत डावं-उजवं कोणाला कळणार नव्हतं.

"जरा थांबा, बाई," काका म्हणाले. "मघाशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तीन टोकं परत उघडावी लागली. चूक माझी. दुरुस्त हिनं केली."

"अहो, आता चालतंय ना सगळं? मग झालं तर!"

"चालतंय. पण अजून तासभर लागेल आम्हाला."

बाई गेल्या. काकांनी कातर उचलली.

"राहू द्या, माझ्या तीन मीच सोडते," सून पुढे झाली. "उजव्यानं बांधते. ओळखूसुद्धा येणार नाहीत."

काकांनी वरची पहिली गाठ कापली. मग दुसरी.

"बाबा! अहो, त्या तुमच्या आहेत!"

"एका पेटीत हात किती?"

तिला उत्तर पाठ होतं. काका कापत राहिले. एकवीस गाठी त्यांच्या होत्या. त्या सगळ्या खाली पडल्या, तेव्हा वायरी थोड्या सैलावल्या आणि फक्त तिच्या तीन जागेवर राहिल्या.

"बांध आता. आणि डाव्यानंच. उसना हात नको."

ते जिन्याच्या खालच्या पायरीवर रीळ घेऊन बसले. वितीनं मोजून दोरा कापायचा, तिच्या हातात द्यायचा. ती बांधत होती.

"आवळू नकोस एवढं. हात धरायचाय, गळा नाही."

"माहितीये हो, बाबा. सहा पेट्या झाल्यात."

"बघू, बघू."

शेवटची गाठ झाल्यावर काकांनी फरशी पुसून घेतली. कापलेल्या एकवीस गाठी वेचल्या. कचऱ्याची पिशवी शेजारीच होती, तरी त्या त्यांनी शर्टाच्या खिशात टाकल्या. मग उठून बोट वर टेकवलं आणि सावकाश खाली आणलं. सगळी शेपटं डावीकडे होती. बोट कुठंच अडलं नाही.

"लाव दार," ते म्हणाले.