चढावरचा आकडा

मोहरीहून मोठा आणि वाटाण्याहून लहान, असा मी एक जुना सेन्सर आहे, मित्रांनो. दोन बारीक तारांच्या टोकाला बसलेला काळा मणी, म्हणजे मी. मला हात नाहीत, तोंड नाही आणि काम एकच, किती तापलंय ते सांगायचं. मी तापलो की माझ्यातून वीज सहज वाहते, गार असलो की अडखळते. तेवढ्यावरून सायकलच्या हँडलवरच्या पडद्यावर आकडा उमटतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जिवाचं आयुष्य ते काय असणार! ऐका तर खरं.

कारखान्यात आम्ही भावंडं कागदाच्या पट्टीवर ओळीने चिकटून बसायचो. बाकीची शहाण्यासारखी गप्प असायची. मला मात्र पहिल्यापासून नसत्या चौकशा फार. दुपारी पत्रा का तापतो, पंखा लावला की हवा गार होते की नुसती हलते, असं काहीबाही मनात चालायचं. मग आमची पट्टी भाऊच्या दुकानात आली आणि मला विचार करायला भरपूर खाद्य मिळालं. भाऊ मोटारी रिवाइंड करायचा. पंपाची नाहीतर पंख्याची जळकी मोटार आली की तो आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायचा आणि नवी गुंडाळायचा. जळक्या वार्निशचा वास त्याच्या शर्टातून धुतला तरी जात नसे.

भाऊला दोन बहिणी. थोरली ताई, ती शिवणकाम करायची. लहानीला सगळे धाकटीच म्हणत. ही धाकटी शिडीवरून पडली होती आणि टेकडीवरच्या रुग्णालयात पुन्हा चालायला शिकत होती. तिथे व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज दुपारी तिला उभं करायच्या, पण ताईचा हात हातात असल्याशिवाय ती पाऊल म्हणून उचलायची नाही. बाईंनी ताईला स्पष्टच सांगितलं होतं, "आत्ता चालली तर चालली. सांधे एकदा आखडले की मग कुणाच्या हातात काही राहणार नाही."

आता पंचाईत अशी, की बस टेकडीच्या पायथ्याशीच थांबायची आणि ताईचा स्वतःचा एक गुडघा कधीचा रुसलेला. म्हणून भाऊने तिच्या जुन्या सायकलच्या मागच्या चाकात विजेची मोटार बसवली. मला कुठे बसवायचं यावर त्याने बराच वेळ डोकं खाजवलं. मोटारीच्या बाहेरच्या झाकणावर चिकटवणं सोपं होतं. पण भाऊ म्हणाला, "ताप बघायचा तर अंगाला हात लावावा, सदऱ्याला नाही." त्याने झाकण उघडलं, तांब्याच्या वेटोळ्यांत मला घट्ट चिकटवलं आणि माझ्या तारा पोकळ आसातून बाहेर काढल्या. आत काळोख होता, पण जागा मोक्याची! मी भलताच खूश झालो.

"तारेवरचं वार्निश जळलं की मोटार गेली म्हणून समज," भाऊने ताईला बजावलं. "आकडा शंभरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. नव्वद दिसला की हळू चालव. तिलाही दम खाऊ दे." जन्मभर पंपांशी संसार केलेला माणूस तो. तापला पंप की दे विश्रांती, हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

सुरुवातीला माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! गल्लीतली मुलं पडद्याला नाक लावून आकडा वाचायची. ताई मला "आमचे डॉक्टर" म्हणायची. सपाट रस्त्यावर सगळं झकास चालायचं. पण टेकडीचा चढ लागला की आकडा चढायला लागे. नव्वद झाले की ताई वेग कमी करायची. तरी आकडा वरच. मग ती आणखी हळू करायची, अगदी मुंगीच्या पावलांनी. आकडा आणखी वर! शेवटी ती उतरून झाडाखाली थांबायची, मोटारीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "दमलीस ना गं बाई?" जाणारे-येणारे वळून बघायचे.

मला काही केल्या हे कोडं सुटेना. अहो, हळू पळणारा कमी तापायला हवा ना? मग हे उलटंच कसं? मला काळजीही वाटायची, कारण माझ्या आकड्यापायी ताईला उशीर व्हायचा. ती वर पोचेपर्यंत बाई पुढच्या रुग्णाकडे गेलेल्या असायच्या आणि धाकटी खुर्चीत बसून दाराकडे बघत असायची. एकदा बाईंनी सांगितलं की धाकटीचा पाय या आठवड्यात कमी वाकतोय.

दुसऱ्या दिवशी शिवणयंत्राचा पट्टा तुटला आणि ताईला निघायलाच उशीर झाला. पायथ्याशी येताच तिचा संयम सुटला. "जळायची तर जळ एकदाची!" असं म्हणून तिने सपाटीवरच सायकल भरधाव सोडली, धडक्या पायाने जोरजोरात पॅडल मारलं आणि तशीच चढाला भिडली. माझं तर पाणी पाणी झालं. आता वास येणार, आता धूर येणार! पण सायकल भर्रकन वर पोचली आणि आकडा कसाबसा ऐंशीपर्यंत गेला.

ताईने पडद्यावर टिचकी मारली. "बिघडलं वाटतं हे," ती म्हणाली.

मित्रांनो, हे ऐकून मला किती लागलं म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा मी चांगली बातमी दिली आणि तीच खोटी ठरली. संध्याकाळी भाऊनेही पाना हातात घेतला. मला उपटून नवा सेन्सर बसवायचं त्याच्या मनात होतं. झाकण उघडून त्याने माझ्याशेजारी दुसरा तापमापक टेकवला. दोघांचे आकडे जुळले. भाऊने पाना खाली ठेवला.

"हा खोटं बोलत नसेल तर?" ताईने विचारलं.

"मग आपलंच काहीतरी चुकतंय."

सुट्टीच्या दिवशी दोघं चढाच्या पायथ्याशी आली. ताई एकदा हळू चढली. मोटार पुरती गार होऊ दिली आणि मग ती पॅडल मारत, वेग न सोडता चढली. पहिल्या वेळी मी शंभराच्या पार गेलो, दुसऱ्या वेळी ऐंशीही धड गाठले नाहीत. भाऊ रस्त्याच्या कडेलाच बसला आणि हसत सुटला. "अगं, चढ तोच, ओझं तेच! हळू गेलं म्हणून जोर कमी लागत नाही, फक्त जास्त वेळ लावावा लागतो. तेवढा वेळ ती बिचारी आत भाजत राहते. शिवाय हळू जाताना तुझ्या पायाची मदत नाही. पंपाचं गणित मी चाकाला लावत बसलो!" माझंही कोडं सुटलं. आपण ज्याला विश्रांती समजत होतो, तोच तिला जाच होता.

त्यानंतर ताई वेळेवर पोचू लागली. रुग्णालयात सायकल व्हरांड्यात उभी असायची, त्यामुळे आता मला चालण्याचा व्यायाम ऐकू यायचा. चार पावलं पडली की ताईचा आवाज यायचा, "दमलीस ना? बस आता." खुर्ची सरकायची. रोज तसंच. एका दुपारी मात्र खुर्ची सरकली नाही. ताईने वेगळंच विचारलं, "कसं वाटतंय? बसायचंय की चालायचंय?"

"चालायचंय," धाकटी म्हणाली. "मला कधीच बसायचं नसतं, ताई. दर वेळी तूच बसवतेस."

मग पावलं वाजू लागली. जड, घासत जाणारी, पण न थांबणारी. ती सायकलपाशी आली आणि तशीच पुढे गेली. ताई हुंदके देत होती आणि बाई तिला म्हणत होत्या, "अहो रडता काय, हात सोडा तिचा!"

आता ही सायकल धाकटीच चालवते. ती कामावर जाते तो रस्ता सपाट आहे. आकडा पन्नासच्या वर क्वचितच जातो आणि पडद्यावरची धूळ कुणी पुसत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी मी आतून सांगत असतो, कुणी वाचो न वाचो.

मित्रांनो, तुमच्या आसपास कुणी तापलेलं, दमलेलं दिसलं तर लगेच आपल्या मनाने औषध देऊ नका. आधी विचारा. आणि उत्तर आपल्याला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं, तरी सांगणारा बिघडलाय असं समजू नका.