डोक्यावरचा निळा डबा

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनात पुढे बसतो त्यालाच बुक्का आधी लागतो. आज बुवा नाहीत, टाळकरी नाहीत, तरी कथा मात्र खरी ऐकवतो.

मी एक जुना निळा डबा आहे, लसी गार ठेवणारा. ऊन बाहेर अडवायचं आणि गारवा आत जपायचा, एवढाच माझा धर्म. सिंदेवाहीकडच्या आरोग्य केंद्रात आलो आणि साधनाबाई नर्सच्या खांद्यावर चढलो. जंगलातली गावं फिरलो. बर्फाच्या पिशव्या पोटात घेऊन मी कितीतरी लेकरांचे गोवर आणि घटसर्प दारातूनच परत पाठवले. बायका माझ्या झाकणाला हळद लावायच्या. देव कोणत्या रूपात येईल, सांगता येतं का?

नाल्यापलीकडच्या गावात एक रीत होती. नर्सबाई दमून येते, म्हणून नाल्यापासून डबा तिच्याकडे ठेवायचा नाही. ज्या घरच्या लेकराला सुई टोचायची, त्या घरची बाई तो डोक्यावर घेणार. त्या दिवशी धुरपतानं मला घेतलं. तिची पाच वर्षांची दिव्या पुढे उड्या मारत चालली होती.

इथवर पूर्वरंग झाला. आता ऐका.

सुई टोचली तिथंच दिव्याचा दंड सुजला, पिकला. चंद्रपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण हात खांद्याच्या वर जाईना. ब्रह्मपुरीकडेही त्याच बॅचच्या लसीनं दोन लेकरांचे दंड पिकले. धुरपता आणि तिचा नवरा इसरू कोर्टात गेले. लस बनवणाऱ्या कंपनीनं उत्तर धाडलं: आमची लस चोख होती, डबा अडाणी हातांत गेला, तिथं लस तापली.

म्हणजे दोष माझा! ब्रह्मपुरीचा डबा वेगळा, नर्स वेगळी, डोकंही वेगळं. सारख्या होत्या त्या फक्त बाटल्या. पण डब्याला कोण विचारतं?

गावानं लसच नाकारली. पुढच्या खेपेला साधनाबाई नाल्यावर एकटीच उभी. धुरपता आली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला उचललं. काखेत धाकटा दिनेश होता.

धुरपताच्या अंगणात कंपनीचा माणूस खाटेवर बसलेला. म्हणाला, "बाई, कंपनीशी भांडण म्हणजे वर्षानुवर्षं हेलपाटे. त्यापेक्षा लिहून द्या, नर्सबाईनं डबा उघडा ठेवला होता. उपचाराचं सगळं आम्ही पाहतो."

साधनाबाईचा चेहरा उतरला. दिव्याचा हात एकीकडे, नर्सबाईची नोकरी दुसरीकडे. इसरू खाली मान घालून म्हणाला, "धुरपता, पोरीचा इलाज होऊन जाईन."

धुरपतानं मला खाली ठेवलं नाही.

"भाऊ, डबा माह्या डोक्यावर होता. झाकण उघडं असतं तं मले समजलं नसतं काय? बर्फाच्या गारव्यानं टाळू दुखून राह्यली होती माही."

"मग कोर्टात तुमच्यावरच येईल."

"येऊ द्या ना. मी सांगतो, मी आणला. तुमच्या सायबाले म्हणा, तूही ये आन् सांग, लस मी बनवली."

"अहो, वर्षं जातील."

"जाऊ द्या. पोरगी लहान हाय, लय वर्षं हायेत तिच्यापाशी."

इसरूनं मान वर केली. खाटेवरची घोंगडी ओढत म्हणाला, "उठा सायेब, इथी लेकरं बसवाची हायेत."

मग धुरपतानं मला उतरवलं आणि दिनेशला साधनाबाईच्या मांडीवर दिलं. "हे दुसऱ्या बॅचचं हाय ना?" तिनं विचारलं. बाईनं बाटली दाखवली. दिनेश कोकलला. कुडांमागून बघणाऱ्या बाया एकेक करून अंगणात आल्या.

मित्रांनो, खटला अजून चालू आहे. साहेब आले नाहीत, वकील येतात. धुरपताही प्रत्येक तारखेला जाते. लस म्हणजे लेकरांचं कवच, हे मी छातीठोक सांगतो. पण कवच घडवणाऱ्यानं तडा गेल्यावर घालणाऱ्याला दोष देऊ नये. त्यानं समोर यावं. मला पोचे पडले आहेत, पट्टा तुटला आहे. तरी बोलावलं तर मी कोर्टात यायला तयार आहे.

तुम्ही लस घ्या. रडू आलं तर खुशाल रडा. आणि बाही खाली सोडताना आमच्या दिव्याचं नाव एकदा मनात घ्या.