आतून मूठ नसलेले दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. तुम्ही माझ्यासारखी दारे रोज ढकलता आणि पुढे जाता, दाराकडे बघत नाही. बघण्यासारखे तसे फारसे नसतेही. पण माझी गोष्ट जरा वेगळी आहे, कारण मला घडवणारा माणूस एके दिवशी माझ्याच आड कोंडला गेला.

मला सुतारकाकांनी घडवले. त्यांना सगळे गाव याच नावाने ओळखत असे. नदीला पूर आला तेव्हा त्यांच्या आईने तान्ह्या बाळाला छातीशी धरून पलीकडच्या देशातून इकडे आणले, ते बाळ म्हणजे सुतारकाका. इथेच त्यांना मिसरूड फुटले, इथेच लग्न झाले, आणि गावातली निम्मी दारे-खिडक्या त्यांच्याच हातच्या.

त्यांची एक पद्धत होती. दार चौकटीत बसवले की ते आत जायचे, दार लावून घ्यायचे आणि खाली बसायचे. बाहेरचे लोक चेष्टा करायचे, "काका, झोपलात की काय?" ते आतून म्हणायचे, "आत बसल्याशिवाय दार कळत नाही रे!" थोड्या वेळाने ते दार उघडून बाहेर यायचे, आणि मगच काम संपले असे म्हणायचे.

मी मुलांच्या वाचनालयाचे दार होते. लहानग्यांचा हात पोहोचावा म्हणून काकांनी मला दोन्ही बाजूंनी नेहमीच्या मुठीखाली आणखी एकेक मूठ बसवली होती. शाळा सुटली की मुले धावत यायची आणि त्या मुठीला लोंबकळायची. मोठी माणसे काकांची पाठ थोपटायची. मी तेव्हा दिवसभर उघडझाप करून थकत असे, पण ते थकणे फार गोड होते.

मग वाचनालय हलवले आणि तिथे परवान्यांचे कार्यालय आले. नवा कायदा झाला होता. ज्याचा जन्म इथला नाही आणि ज्याच्याजवळ परवाना नाही, त्याने देश सोडायचा. अशा लोकांना बस येईपर्यंत माझ्या खोलीत बसवू लागले. माझ्या आतल्या दोन्ही मुठी काढल्या आणि बाहेरून खटका बसवला. दार लोटले की ते आपोआप बंद. उघडायचे तर फक्त बाहेरून. आत जाताना पहारेकरी माझ्याखाली लाकडी पाचर सारत, म्हणजे मी मिटत नसे.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. आतली माणसे हाताने चाचपडत मुठीची जागा शोधायची. तिथे नुसती भोके होती. कुणी डोके टेकून रडायचे, कुणी नखाने ओरखडे काढायचे. मी मूग गिळून उभे. मित्रांनो, लोकांना वाटते की दार माणसांना कोंडते. पण मीही त्या चौकटीत त्यांच्याइतकेच अडकले होते.

तिथे पहाऱ्यावर एक जमादारबाई होत्या. कडक, पण सरळ. रोज सकाळी अंगणात त्याच झेंडा चढवायच्या, आणि झेंड्याला एक सुरकुती दिसली तर त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देशावर त्यांचा जीव होता, यात शंका नाही.

आणि एके दिवशी त्यांनी ज्यांना माझ्या आत आणून बसवले, ते सुतारकाका होते. आता केस पांढरे झालेले. त्यांनी माझ्या कडेवरून तळवा फिरवला आणि हळूच म्हणाले, "अरे, तू होय!" माझ्या फळ्याफळ्यांत कळ गेली.

दुसऱ्या दिवशी देशाचा मोठा सण होता. सगळे मैदानावर गेले होते. दुपारच्या बसने काकांना सीमेपलीकडे नेणार होते. जमादारबाई घाईघाईने त्यांना जेवणाचे ताट द्यायला आल्या. त्यांचे सगळे लक्ष झेंड्याकडे, म्हणून पाचर सारायला त्या विसरल्या. वाऱ्याने मी धाडकन मिटले. खटका बसला.

बाईंनी आधी ढकलले, मग ओढायला मूठ शोधली. मग दोन्ही हातांनी माझ्यावर धपाधप मारले. "कुणी आहे का? दार उघडा!" बाहेर चिटपाखरू नव्हते. "मला बाहेर काढा! मी इथली आहे!" त्या ओरडल्या. मी हेच वाक्य यापूर्वी कितीतरी तोंडांतून ऐकले होते.

"बाई, हात दुखवून घेऊ नका," काका म्हणाले. "तुमचा एक बूट द्या."

ताटातल्या चमच्याची दांडी त्यांनी माझ्या बिजागरीच्या सळईखाली धरली आणि बुटाच्या टाचेने खालून ठोकली. सळई वर सरकून निघाली, मग बाकीच्याही. सगळ्या बिजागऱ्या आतल्या बाजूलाच होत्या. मुठी काढणाऱ्यांना हे सुचलेच नव्हते. मी बाजूला झाले. वाट मोकळी!

बाईंनी निघालेल्या सळईकडे पाहिले. "तुम्हाला हे कालपासून माहीत होतं?"

"माझंच दार आहे."

"मग पळाला का नाहीत?"

"कुठं पळू? घर तर इथंच आहे. स्वतःच्या घरातून चोरासारखा पळालो, तर मी परकाच ठरेन की."

बाईंनी बूट पायात घातला. मग स्वतःलाच समजावल्यासारखे म्हणाल्या, "पण काका, घराला दार तर हवंच ना? वाटेल तो आत आला तर चालेल कसं?"

"हवंच! दारं करूनच माझं पोट भरलं. पण ते करणाऱ्यानं एकदा तरी आत बसून बघावं."

मग काय झाले असेल? काकांनी मला पुन्हा जागेवर बसवले. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी बाईंनी. बाईंनी माझ्याखाली पाचर सारली आणि ती काढली नाही. काका उघड्या दारात बसून राहिले.

दुपारी कार्यालयाचे मोठे साहेब आले, बस आली. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, हा माणूस पळू शकत होता. पळाला नाही. मलाच सोडवलं. याच्यापेक्षा इथला माणूस मला दाखवा."

साहेब दुष्ट नव्हते. ते मान खाली घालून म्हणाले, "कायद्यात असं काही लिहिलेलं नाही, बाई."

"मग कायदा चुकलाय."

"देशाची शपथ घेतलीय तुम्ही!"

"म्हणूनच बोलतेय, साहेब. दुसऱ्या कुणाच्या देशाबद्दल कशाला बोलले असते?"

बोलणे वाया गेले. काकांना नेले. जाताना ते एवढेच म्हणाले, "खालची बिजागरी कुरकुरतेय. तेल घाला."

माझ्या सळया ठोकून कायमच्या पक्क्या केल्या. बाईंची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी त्यांनी बिजागरीला तेल घातले. मग आतल्या बाजूला, खालच्या जुन्या भोकांत, एक मूठ बसवली. जरा वाकडीच. मग पाचर काढली, मला लोटले आणि कुणीतरी येऊन उघडेपर्यंत आतच जमिनीवर बसून राहिल्या.

ती मूठ फिरत नाही, खटका तिला जुमानत नाही. म्हणून तर ती कुणी काढली नाही. पण आत बसलेली माणसे ती धरून बसतात. काल एका आईने ती रात्रभर सोडली नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलेच कुणी कायदे कराल, कुणी पहारा द्याल. देशावर खूप प्रेम करा, झेंडा नीट चढवा. पण कुणाच्या तोंडावर दार लावण्याआधी एकदा आत जाऊन बसा. मूठ कुठे लागते ते हाताने शोधून बघा.

माझी खालची बिजागरी आता पुन्हा कुरकुरते आहे. येणारे-जाणारे वैतागतात. मी मात्र मुद्दाम कुरकुरते. कधीतरी कुणी थांबेल आणि विचारेल, हे दार केले कुणी, आणि तो माणूस आता कुठे आहे?