निवडून खाली राहिलेले

माझी लेक श्रावस्ती सातव्या महिन्यात बाळंतपणाला येरमाळ्याला आली, तर पिशवीत बाळाची टोपडी कमी आन् प्रयोगशाळेतल्या पट्ट्याच जास्त. आल्या आल्या फ्रीजमधलं माझं दही बाहेर, पट्ट्यांची पुडी आत. सोलापूरला ती खाण्यातलं विष ओळखायच्या कामात हाय. पट्टीवर एन्झाइम असतं म्हणं. ते धड असलं की पट्टी निळी व्हती. बुरशीचं विष लागलं की ते निपचित पडतं आन् पट्टी पांढरीच ऱ्हाते.

असू दे म्हणलं. पण तिनं माझ्याच शेंगदाण्याच्या डब्याला हात घातला, तवा माझं टाळकं फिरलं. तिच्या लाडवांसाठी म्या रानातल्या शेंगा फोडून एकेक दाणा निवडून ठिवला व्हता. औंदा शेंगा काढताना पाऊस लागला, बुरशी धरली असंल, पोटातल्या लेकराला धोका नको, असं तिचं म्हणणं. म्या म्हणलं, आता आईच्या हातचं बी तपासून खाणार व्हय? आन् तोंड फुगवून चुलीपाशी बसले. कान मातर तिकडंच.

तिनं दाणे कुटले, कसल्याशा पाण्यात घुसळले, गाळले, पट्टी बुडवली. पट्टी निळीशार झाली. माझा ऊर भरून आला. पोरीच्या गालाचा पापा घेतला, म्हणलं खा आता पोटभर.

त्याच खुशीत म्या माझ्या वाटीतले दाणे तोंडात टाकाया गेले. तिनं हात धरला.

"हे कुठले?"

कुठले असणार? निवडून खाली ऱ्हायलेले, सुरकुतलेले, काळपट. टाकवत न्हाईत, म्हणून म्या खाते. खवट लागले तर वर गुळाचा खडा. माझी आई बी तेच खायाची.

श्रावस्तीनं वाटी वढून घेतली. तिनं ते बी कुटले, गाळले. दोघी पट्टीकडं बघत बसलो. निळी झाली न्हाय. तिनं दुसरी बुडवली, ती बी पांढरीच.

शेळीला टाकते म्हणलं, तर विष दुधात उतरतं म्हणाली. परसात खड्डा करून पुरून आली ती रडतच.

"आई, तुझा जीव काय फुकटचा हाय व्हय?"

म्या हसण्यावारी न्यायला बघितलं, पण तिनं ऐकलं न्हाय. तिच्यासाठी निवडलेल्या डब्यातले मूठभर दाणे माझ्या हातावर ठिवले आन् म्या चावून खाईस्तोवर समोर उभी ऱ्हायली. लई गोड लागले वो. इतकी वर्षं निवडत आले, चव आज कळली.