रिकामा हात

रिपोर्ट सकाळीच आला असणार. पण तो येणार तुझ्या बाबाच्या, विक्कीच्या मोबाईलवर, आणि चाकणच्या त्याच्या कंपनीत शॉपफ्लोअरवर जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते. तोवर रहाटणीच्या या खोलीत मी, पोटातला तू आणि तुझी आजी, विक्कीची आई. आजी वालाच्या शेंगा सोलतेय. मी तुला लिहितेय, कारण नुसतं बसवत नाही.

माझं रक्त वाढेना. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, गूळ-शेंगदाणे झाले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांचंही रक्त तपासलं आणि माझे हात पुढे घेऊन समजावलं.

"समज दीक्षा, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत दोन-दोन बांगड्या असतात. ही रक्त लाल करणारी जनुकं. बाळाला आई एका हातातल्या देते, बाप एका हातातल्या. तुझ्या चारातल्या दोन नाहीतच, जन्मापासून. विक्कीच्याही दोन नसाव्यात. दोघांच्याही कुठल्या हातातल्या नाहीत, ते पुढच्या रिपोर्टात बघायचंय."

दोघांचाही एकेक हात साफ रिकामा असला, आणि तुझ्या वाट्याला नेमके तेच दोन आले, तर? मी विचारलं. त्यांनी माझे हात खाली ठेवले. मग म्हणाल्या, "चारही नसलेलं बाळ पोटातच फुगतं, राहत नाही."

आमचं दोघांचं मूळ गडचिरोलीकडचं, हे कळल्यावर त्यांनी मान हलवली. हिवतापाच्या मुलखात बांगड्या कमी असलेली लेकरं जास्त वाचली, पिढ्यान् पिढ्या वाचत गेली, म्हणून तिकडं अशी माणसं पुष्कळ.

आज हे मी आजीला नीट सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हणून तर तुले आणलं वं. आमच्याकडं सोयरीक करताना आधी विचारत, घरातलं लेकरू हिवतापानं गेलं का? तुह्या घरातलं एकबी गेलं नव्हतं. पोरगी पांढरट आहे म्हणत होते सारे. मी म्हणलं, असू द्या, टिकते."

हे त्या नेहमी मिरवून सांगतात. आज आवाज खाली होता.

"विक्कीच्या आधी एक झालं होतं," त्या शेंगांकडं बघत म्हणाल्या. "फुगलेलं होतं. रडलंच नाही. सुईण म्हणे बाहेरचं आहे. मी कोणाले सांगितलं नाही."

म्हणजे रिकामा हात या घरात होता. मी पोटावर हात ठेवला. तू हलायचे दिवस अजून लांब आहेत, तरी मी वाट पाहिली.

पावणेचारला फोन वाजला. विक्की गेटबाहेरून बोलत होता, मागं बसचे हॉर्न.

"दीक्षा, माझा एक हात पूर्ण रिकामा आहे गं."

"आणि माझे?"

"तुझ्या दोन्ही हातांत एकेक आहे. मी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हणाल्या, आईकडून एक मिळणारच, बाळ राहील. माझ्याकडून दोन मिळाल्या तर काही काळजी नाही. नाही मिळाल्या तर जपावं लागेल. कधी रक्तही चढवावं लागेल."

"कधी कळणार?"

"अजून एक तपासणी आहे. तू जेवलीस का?"

एक किंवा तीन. भीती गेली नाही, पण आता ती मोजता येतेय. मी आजीला सांगितलं. त्यांनी परात परत पुढं ओढली.

"एक तर एक. वाजणार नाही, पण हात रिकामा नाही."

बराच वेळ शेंगा सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "विक्कीच्या आधीची... ती पोरगी होती."